आम्ही हरलो आणि कांदा लावला

मी कॉलेजच्या कबड्डी संघाची कप्तान होते ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण ती मी कुणाला विसरूच दिलेली नाही. मला बघायला आलेल्या मंडळींनाही मी पोह्यांच्या बशा फिरवता फिरवता ती सांगितली होती. संघाने सामने किती जिंकले, हे मात्र माझा नवरा सांगतो. "हिच्या कप्तानीत संघ एकदाही जिंकला नाही," हे वाक्य तो पाहुण्यांसमोर इतक्या कौतुकाने टाकतो, की ऐकणाऱ्याला तो एखादा विक्रम वाटावा. आमची मुलं लहान होती तेव्हा त्यांची समजूत होती की कबड्डीत हरायचंच असतं आणि त्यात आई पटाईत आहे.

तर त्या हंगामाविषयी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही गंगापूर रोडला राहायचो. तेव्हा तिकडे घरं थोडी आणि पेरूच्या बागा जास्त होत्या. मी सायकलने कॉलेजला जायची. अंगाने मी उदबत्तीच्या काडीसारखी. कबड्डीसाठी माझ्याकडे फक्त दोन गोष्टी होत्या, नियम पाठ होते आणि आवाज मोठा होता. आमच्या खेळाच्या बाईंनी मला कप्तान केलं ते बहुधा या दुसऱ्या गुणावर, कारण त्यांच्याकडची एकमेव शिट्टी वर्षभर बिघडलेली होती.

खरा खेळ होता तो आमच्या देवळा गावच्या मैत्रिणीकडे. ती कॉलेजच्या वसतिगृहात राहायची. ठेंगणी, दणकट, आणि चढाईला निघाली की समोरच्या सातजणींना आपण कुठे उभं राहावं हेच कळेनासं व्हायचं. बाकीच्या आम्ही सहाजणी म्हणजे तिच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवणारी मंडळी. तरीही आम्ही जिंकणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आत्मविश्वासाला खेळ यावाच लागतो असं नाही, हे मी तेव्हापासून मानत आले आहे.

हंगाम सुरू होण्याआधी प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. ग्रंथालयाच्या भिंतीलगत आमचं मातीचं मैदान होतं. बाईंनी स्वतः मागे लागून ते खणून, चाळून, चोपून घेतलं होतं. प्राचार्यांना तिथे सायकल स्टँड हवा होता. सायकली वाढल्या होत्या, त्यांचंही खरंच होतं. बाईंनी बरीच रदबदली केली तेव्हा ते म्हणाले की या हंगामात पोरींनी एक सामना जिंकून दाखवावा, मैदान राहील. नाही जिंकल्या तर स्टँड. आणि मैदानच नसेल तर संघ तरी कशाला ठेवायचा, असंही त्यांनी जाता जाता जोडलं.

बाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्या संघासाठी त्यांनी सात वर्षं घरोघरी जाऊन आयांची समजूत काढली होती, गुडघ्याखाली लोंबणाऱ्या चड्ड्या शिवून घेतल्या होत्या. मी मात्र म्हटलं, "बाई, एकच ना? पहिलाच जिंकून टाकू."

पहिला हरलो. दुसराही. कारण सोपं होतं. आंतरमहाविद्यालयीन सामने थंडीत असायचे, आणि उन्हाळी कांद्याची लागणही थंडीतच. सामना जाहीर झाला रे झाला की देवळ्याहून निरोप यायचा आणि आमची मैत्रीण पिशवी भरून एस.टी. स्टँड गाठायची. कांदा लावणं हे तिकडे बायकांचं काम. घरात बाईमाणसाचे दोन हात कमी म्हणजे वाफा कमी. तिच्या आईला कबड्डीबद्दल राग नव्हता. रोप मात्र वाढून चाललं होतं आणि ते काही सामन्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे थांबणारं नव्हतं.

तिच्याशिवाय आम्ही कशा खेळलो ते न सांगितलेलंच बरं. एका सामन्यात मी चढाईला गेले आणि समोरच्या मुलीने मला चक्क कडेवर उचलून बाजूला ठेवलं. घरी गेले की बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे, "किती गुणांनी?" जिंकलात की हरलात हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या सामन्यानंतर कायमचा सोडून दिला होता.

असं करता करता एकच सामना उरला. तो आमच्याच मैदानावर, रविवारी दुपारी. आणि बुधवारी देवळ्याचा निरोप आला. या वेळी काम मोठं होतं. वहिनी बाळंत झालेली, मजूर बाया मिळेनात, सगळं गाव आपापल्या लागणीत अडकलेलं. अख्खा मळा बाकी होता. मैत्रीण पिशवी भरत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी तिला विचारलं, एरवी तुम्ही काय करता? ती म्हणाली, सावड. म्हणजे आज आम्ही चारजणी तुमच्या वाफ्यात, उद्या तुम्ही आमच्या. पैशाचा संबंध नाही, हाताला हात फेडायचा. पण सावडीच्या बायकांची पाळी पुढच्या आठवड्यात होती.

"मग आम्ही येतो सावडीला," मी म्हटलं. "शनिवारी तुझा मळा, रविवारी आमचं मैदान. फिटंफाट."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "तू कधी कांदा लावलायस?"

"चिरलाय," मी म्हटलं.

बाईंना सांगितल्यावर त्यांनी आधी एस.टी.ची वेळ विचारली. मग म्हणाल्या की मीही येते, म्हणजे तुमच्या आया सोडतील. शुक्रवारी दुपारच्या एस.टी.ने आमचा अख्खा संघ देवळ्याला निघाला. खिडकीशी बसून मी रविवारचे डावपेच समजावत होते, आणि पुढच्या बाकावरचे आजोबा मान वळवून वळवून ऐकत होते.

शनिवारी उजाडताच आम्ही मळ्यात. वाफ्यात पाणी सोडलेलं, चिखल थंडगार. डाव्या हातात रोपाची जुडी धरायची, उजव्या अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबायचं, आणि मागे सरकायचं. एवढंच काम. फक्त ते कमरेत वाकून करायचं आणि वाकलं की वाकलेलंच राहायचं. बाई कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या. पहिल्याच वाफ्यात उजवा बूट आत राहिला आणि पाय तेवढा बाहेर आला.

मैत्रिणीची आई, जिला सगळे माय म्हणायचे, आमच्या मागून रांगा बघत आली. माझ्या रांगेशी थांबली.

"हाई रांग शे, का साप गया इथून?"

मैत्रीण हसून हसून चिखलात बसली. मला ते लागलं. मी जाहीर केलं की आता दोन संघ, या बाजूचा वाफा आमचा, त्या बाजूचा तुमचा, जो मागे राहील त्याच्यावर लोण, म्हणजे अख्खा संघ बाद. मग काय विचारता. चारचौघींनी रमतगमत, गप्पा मारत करायचं काम आम्ही दम धरून, ओरडत, एकमेकींना हिणवत केलं. कुणी पाठ सरळ केली की समोरून "बाद, बाद" असा ओरडा व्हायचा, म्हणून कुणी ती सरळ केलीच नाही. माय दोनदा येऊन सांगून गेली की पोरींनो, जरा उभ्या राहा, मधून मधून कंबर मोकळी करा. आम्हाला वाटलं आमचा वेग बघून तिला काळजी वाटतेय. दिवस मावळायच्या आत मळा संपला. शेवटचं रोप मी दाबलं आणि म्हटलं, "उद्याचा सामना आपल्या खिशात."

बाजरीच्या भाकरी आणि वाटलेली मिरची खाऊन आम्ही जिथे पडलो तिथे झोपलो.

सकाळी बाईंनी मला हाक मारली आणि मी "आले" म्हणाले, पण आले नाही. कंबर म्हणून काही राहिलंच नव्हतं. एकीला उठवायला दुसरी वाकली तर ती दुसरी तशीच राहिली. आमच्या मैत्रिणीला मात्र काही झालेलं नव्हतं. ती आणि माय आम्हाला एकेक करून धरून एस.टी.पर्यंत घेऊन गेल्या. मायने पदर तोंडाला लावलेला होता. कंडक्टरने विचारलं, कुठली जत्रा करून आलात. बाईंना त्याच्याकडे मान वळवता येत नव्हती.

आता कबड्डी हा वाकून खेळायचा खेळ. वाकण्याबद्दल आमची तक्रारच नव्हती, अडचण पुढची होती. सामना सुरू झाला आणि मैत्रिणीने पहिल्याच चढाईत दोघींना टिपलं. पुन्हा गेली, पुन्हा टिपलं. ग्रंथालयाच्या खिडकीत प्राचार्य उभे होते. मी डाव्या कोपऱ्यात उभी, म्हणजे वाकलेली, आणि मनात मैदान वाचवून झालेलं. पण समोरून चढाई आली की आम्ही तिच्या पायाला हात घालायचो आणि तिथेच संपायचो. उचलायला जोर कमरेतून लागतो. ती मुलगी आरामात आमच्यातून चालत परत जायची, वाटेत एखाददुसरीला हात लावून. एकटी मैत्रीण गुण आणायची, आणि आम्ही सहाजणी ते वाटून टाकायचो.

शेवटची चढाई त्यांची होती आणि गुण सारखे होते. ती मुलगी माझ्या कोपऱ्याकडे आली. मी तिचा घोटा धरला. असा धरला की आजही तो माझ्या हातात आहे असं वाटतं. बाकीच्यांनी फक्त तिच्यावर येऊन पडायचं होतं. मी ओरडले, "पडा गं!" पडायच्या तर सगळ्या तयारीत होत्या, पण तिथपर्यंत येणार कशा. मैत्रीण दुसऱ्या टोकाहून धावली. तोवर त्या मुलीने मला पोत्यासारखं ओढत नेलं आणि मध्यरेषेला हात टेकवला.

घरी बाबांनी विचारलं, "किती गुणांनी?"

"एका."

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "एकाच?" मग उठून स्वतः माझं पान वाढलं. रडू मला तेव्हा आलं, हरल्यावर आलं नव्हतं.

आठवड्याभरात मैदानावर स्टँडसाठी खुंट्या ठोकल्या गेल्या. प्राचार्य वाईट माणूस नव्हता. शब्द म्हणजे शब्द, एवढंच. बाईंनी पुन्हा विनवलं तेव्हा त्यांनी कॉलेजच्या मागचा एक कोपरा दाखवला, जिथे बांधकामाचा राडारोडा टाकलेला होता. म्हणाले, खेळण्याजोगा करून घ्या, संघ ठेवू. माणसं मात्र मिळणार नाहीत, ती स्टँडच्या कामाला लागलीत. आम्ही जाऊन बघितलं. विटांचे तुकडे, काचा, आणि छातीपर्यंत गाजरगवत. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू." या वाक्याचा अर्थ काय असतो ते आम्हाला कळत होतं. मीसुद्धा काही बोलले नाही, यावरून परिस्थिती ओळखावी.

तो राडारोडा बघून मैत्रीण शेजारणींच्या लागणीची सावड फेडायला गावी गेली होती, ती परत आली एका सुट्टीच्या सकाळी, आणि एकटी आली नाही. फाटकावर रखवालदाराने अडवलं म्हणून निरोप आला, तर आम्ही पाहतो तो काय, माय, दोन काकू आणि सावडीच्या शेजारणी. डोक्यावर घमेली, त्यात कुदळी, फावडी, खुरपी, आणि वर भाकरीचं गाठोडं.

रखवालदार विचारत होता, काम काय? माय आमच्याकडे बघून म्हणाली, "तुमनी सावड बाकी शे. फेडाले उनूत."

मी म्हटलं, अहो माय, ती फिटली की. तुमची लेक खेळली रविवारी. माय म्हणाली, ती एकटीची फिटली, तुम्ही तर सगळ्या आल्या होत्या.

आम्ही चड्ड्या घालून आलो आणि कामाला लागलो. या वेळी बायकांच्या चालीने, गप्पा मारत, मधून मधून उभं राहून कंबर मोकळी करत. दुपारपर्यंत गवत गेलं, राडारोडा कुंपणाशी रचला गेला. मग खणणं, चाळणं, पाणी मारणं, धुम्मस घालून चोपणं. प्राचार्य आवारातल्या आपल्या बंगल्यातून खाली आले. त्यांनी बाईंना विचारलं, या सगळ्या कोण?

बाई मातीने माखलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "संघातल्या आहेत, सर."

प्राचार्यांनी चोपलेल्या मातीवर बुटाची टाच दाबून पाहिली, मान हलवली, आणि शिपायाला सगळ्यांसाठी चहा आणायला पाठवलं. आमच्यापुरता तोच निकाल होता.

मध्यरेषा मी आखली, फक्कीने. वाकडीच आली. मायने ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्या मनाने सापाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली की पोरीला कशासाठी सारखी मागत होतात, ते आता दाखवा.

दाखवायला समोर संघ हवा. तर त्याच उभ्या राहिल्या. नऊवारीचे कासोटे घट्ट केले, पदर खोचले, आणि आमच्या मैत्रिणीला हाताला धरून आपल्या बाजूला घेतलं. आमच्याकडे एक जागा रिकामी झाली, तिथे बाई उतरल्या. मी चढाईला गेले. धाकट्या काकूने मला धरलं आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा पकड म्हणजे काय ते समजून घेतलं.

संध्याकाळी त्यांना एस.टी.त बसवून घरी पोचले, तेव्हा केसांपर्यंत माती होती. बाबांनी पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"मोजले नाहीत," मी म्हटलं. "आमच्यावर लोण चढला. पण नव्या मैदानावर, बाबा."