आबा कुनमिंगला गेले ती दुपार

इथे येणारे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले आहे. राग मानू नका, पण बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्या बाईने दुसरं करायचं तरी काय? सासूबाई अमावास्येला दहीभात ओवाळून टाकायच्या, तेव्हा मी म्हणायचे, द्या इकडे, मी खाते! भूत, मुंजा, चकवा... यातल्या कशावरही माझा आजसुद्धा विश्वास नाही. तरी लिहितेय, कारण हे कुणाला सांगितलं नाही तर डोक्यात नुसतं घोळत राहतं.

महाडच्या मोठ्या पुरानंतर दोनेक वर्षांनी घडलेली गोष्ट. मी महाडात राहायचे, नोकरी पोलादपूरला. माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठावर. आई आधीच गेलेली, घरात आबा एकटे. धाकटा भाऊ मोहन बिरवाडीला खोली घेऊन केमिकल कंपनीत नोकरी करायचा. पुढे एका रंगाच्या कंपनीने त्याला उचलून थेट चीनला पाठवला — कुनमिंग नावाच्या शहरात. तीन शिमगे गेले तरी साहेबांना सुट्टी मिळेना. शेवटी तोच म्हणाला, "ताई, तू आबांना घेऊन इकडे ये. फेब्रुवारीत ये. इथे तेव्हा ना थंडी ना उकाडा, झाडं नुसती फुलांनी भरलेली असतात."

आबांना आधी पटेना. मग मी त्यांना समजावलं, की हे शहर डोंगरावर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच, आणि हवा बारा महिने गोड. "मंग मोहन तिथं सुखात हाय म्हन की," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "त्या गावाला च्यात दूध घालतात काय गो?" तेव्हाच मी समजले, गडी तयार झाला!

तारीख ठरवणं काही सोपं नव्हतं. शेतातले वाल निघाल्याशिवाय आबा हलणार नव्हते, आणि शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा घर बंद ठेवायचं नव्हतं. त्या मधल्या फटीत आम्ही जाणं-येणं बसवलं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस तुडीलात आला तर वाडीतली माणसं गोळा झाली, आबांनी काय केलं म्हणून. महाडच्या सायबर कॅफेत मी त्यांना कुनमिंगच्या तळ्यावरच्या कुरव पक्ष्यांचे फोटो दाखवले, थंडीत पार सैबेरियातून येतात म्हणून सांगितलं. आबा म्हणाले, "बघ, पाखरं बिनकागदाची जातात नि मला पोलीस इचारतो!"

बाजारपेठेतून मी त्यांना एक मरून स्वेटर घेऊन दिला. मोहनला मुद्दाम सांगितलं नाही. जन्मभर बंडी घातलेला माणूस स्वेटरात बघून त्याने हसावं, एवढाच हेतू. गळ्याशी दुकानाचा किमतीचा कागद लोंबत होता, तो मी कापायला गेले तर आबांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. तिथं गेल्यावर काढीन. नवा हाय ते दिसला पायजे."

आबांची एक सवय इथे सांगायला हवी. माझ्या घरी आले तरी दार सताड उघडं असताना ते बाहेरच उभे राहायचे. चपला काढून, पिशवी हातात धरून. आतून कुणीतरी "या आबा" म्हणेपर्यंत पाऊल आत टाकायचे नाहीत. माझे मिस्टर चेष्टेने म्हणायचे, "सासरेबुवांना आमंत्रणपत्रिका लागते." आबांचं म्हणणं, "लेकीचं असू दे नायतर लेकाचं, ज्याचं घर त्यानं 'या' बोलाय पायजे."

निघायच्या आधीच्या रविवारी आबांनी सोमजाईच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे कुणी परगावी निघालं की गुरव देवीपुढे नारळ ठेवतो आणि त्याच्या वतीने बोलतो. मी फोटो काढायला म्हणून गेले होते. गंगाराम गुरवांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं —

"आई सोमजाई, तुजा लेकरू परमुलखात चाल्लाय. वाटंत काय आडवा-उभा आसंल तो बाजूला सार. ह्येच्या जिवाला धक्का लागू देऊ नको. लेकाच्या दारापातूर नेऊन पोचव!"

"व्हय म्हाराजा!" आबा आणि बरोबरचे म्हणाले.

माझ्यातल्या मास्तरणीला राहवेना. मी म्हटलं, "गुरवकाका, पोचवलंत खरं, पण परत आणायचं राहिलं की!"

गंगारामकाका चपापले. गावातली पोरं नोकरीला मुंबईला निघतात तेव्हा ते हेच गाऱ्हाणं घालतात. पोर दारापर्यंत पोचलं, कामाला लागलं की झालं, परतीचं कुणी मागत नाही. तेच तोंडात बसलेलं. ते पुन्हा नारळाला हात घालणार तोच आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे गंगाराम. परतीचा तिकीट पोरानं काडलाय!" सगळे हसले. मीपण हसले.

आमचं विमान शनिवारी होतं. बुधवारी दुपारी मी लॅबमध्ये मुलांची प्रॅक्टिकल्स घेत असताना तुडीलहून शेजाऱ्यांचा फोन आला. आबा ओटीवर खांबाला टेकून बसलेले होते. हाक मारली, उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले हार्ट. महिन्यापूर्वीच सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, आणि त्या चांगल्या होत्या.

मी पोचले तेव्हा ते तसेच होते. अंगात तो मरून स्वेटर. तुडीलच्या भर दुपारच्या उन्हात! घालून बघायला घेतला असणार. गळ्याशी कागद तसाच. त्या वेळी जवळ कुणीसुद्धा नव्हतं, आणि त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायला कुणी नव्हतं, हे मला फार लागलं. अजून लागतं.

मोहनला कळवायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांपासून लांब, परसात जाऊन फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत हाच हसत सुटला.

"ताई, आज काय गंमत झाली माहितेय? आबांसाठी बाथरूममध्ये धरायला दांडा बसवत होतो. हात सगळे सिमेंटने भरलेले. आणि खालच्या वॉचमनचा इंटरकॉम. म्हणतो, तुझे वडील आलेत! मी सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय ना आबा येणार म्हणून, तर लेकाने माझी फिरकी घेतली. मीपण म्हटलं, आलेत ना? मग बसव त्यांना, चहा दे!"

मी एवढंच विचारलं, "कधी?" त्याने सांगितलं. तिथलं घड्याळ आपल्या पुढे असतं. तो हिशोब मी उभ्या उभ्या केला आणि नंतर कितीतरी वेळा केला. दर वेळी तुडीलची तीच दुपार येते.

मग मी त्याला सांगितलं. पलीकडून फोन कट झाला.

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. धापा टाकत होता, खाली वॉचमनकडे जाऊन आला होता. "ताई... आबांच्या अंगात काय होतं?"

"तू सांग," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

"काळपट लाल स्वेटर. गळ्याशी कागद लोंबत होता म्हणतो. म्हातारा काचेच्या दाराबाहेर उभा होता. अनवाणी. 'मोहन, मोहन' म्हणून वर बोट दाखवत होता. वॉचमनने खुणेने आत बोलावलं तर येईना. मग दाराबाहेरच खुर्ची दिली, तिच्यावर बसला. थोड्या वेळाने बघितलं तर खुर्ची रिकामी..." आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. "ताई, मी फक्त तीन मजले वर होतो गो. मला खाली उतरायचं होतं फक्त."

मोहन दहाव्याला पोचला. त्या दिवशी तो खाली उतरला नाही, यात त्याचा काय दोष? त्याच्या जागी मी असते तर मीही वॉचमनला हेच सांगितलं असतं. पण हे त्याला कितीदा सांगितलं तरी त्याच्या आत ते उतरत नाही.

कार्य उरकल्यावर गंगारामकाकांना मी सगळं सांगितलं. वाटलं, ते चकित होतील. ते नुसते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "आईनं सांगितल्या परमानं केलान, बाय. दारापातूर पोचवलान. दाराच्या आत घ्याचा काम देवाचा नाय, घरच्या मानसाचा." बोलून गेल्यावर त्यांचंच तोंड उतरलं. हे मी मोहनला कधीच सांगितलेलं नाही, आणि ओळखीच्या कुणी वाचून त्याच्यापर्यंत पोचवू नये म्हणून इथे नावंही बदलली आहेत.

मी शंका काढायच्या तेवढ्या काढल्या. चिनी नववर्षाच्या दिवसांत गावाकडून म्हातारे आईबाप येतात, त्यातलाच कुणी असेल. मोहन धक्क्यात होता, त्याने नंतर ऐकलेलं आधीच्या गोष्टीत मिसळलं असेल. पण स्वेटरचं मी त्याला सांगितलंच नव्हतं... आणि दांड्याची, वॉचमनची गोष्ट तर त्याला बातमी कळायच्या आधीच त्याने मला सांगितली, हसत हसत. इथे येऊन माझं फिजिक्स थांबतं. उत्तर कुणाकडे असेल तर जरूर लिहा, पण भुताखेताचं नको.

मोहन परत निघाला तेव्हा मी त्याला महाडला एसटीत बसवायला गेले. गाडी लागली होती, तरी तो चढेना. बॅग खांद्यावर घेऊन उभाच. मग म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. मी चहा दे म्हटलं होतं ना, वॉचमनकडे चहा नव्हता. त्याने थर्मासमधलं गरम पाणी दिलं. तो म्हणतो, म्हाताऱ्याने दोन्ही हातांत कप धरून सगळं प्यायलं."

कंडक्टरने घंटी मारली. मोहन पायरीवर चढला आणि वळून त्याने विचारलं, "ताई, ते पाणी माझ्या हातचं धरायचं का गो?"

"धर," मी म्हटलं. "तुझ्याच हातचं."