चिंचेने घासलेलं शटल

परवा तांब्याचा हंडा घासायला चिंच भिजवली आणि त्या वासाने मला थेट बेलापूरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. लग्नाला महिनाच झाला होता. सासरे, म्हणजे मामंजी, एका जुन्या विलायती मशीनवर कामगारांचे चामडी हातमोजे शिवायचे. मी स्वतःला भलतीच कामसू समजायची. एका दुपारी ते आडवे झाले, तेव्हा मी मशीनमधलं, खालचा दोरा धरणारं काळं, तेलकट शटल काढलं आणि चिंच, विटेची भुकटी लावून लखलखीत केलं.

शिवण सुरू झाली, तर टाके सुटू लागले. मामंजींनी शटल उजेडात धरलं. दोरा उचलणारं टोक बोथट झालं होतं. तसलं दुसरं शटल अख्ख्या मुंबईत मिळत नव्हतं.

"कोनी घासलं?"

"उंदीर असेल," मी म्हणाले.

"चिंच लावून?"

त्यांनी धारेचा दगड माझ्यापुढे ठेवला. "तूच टोक काढ. जास्त घासलंस तर मशीन भंगारात." स्वतः मात्र हात मांडीखाली दाबून बसले.

मी श्वास रोखून घासत होते. शेडमध्ये फक्त दगडाची खरखर. शेवटी शटल बसवलं, चाक फिरवलं. दहा टाके पडले, एकही सुटला नाही.

तेव्हा वाटलं, म्हातारा सूड उगवतोय. त्यांचे हात थरथरायला लागले होते, हे मला शहाणीला दिसलंच नाही.

परवा हंडा घासताना माझाही हात थरथरला. मी तो पदराखाली लपवला आणि सुनेला हाक मारली, "हा तूच घास गं. मला वेळ नाही."