सुपरवायझरच तिचा घरमालक निघाला

मैत्रिणींनो, नेऱ्याजवळच्या एका कारखान्यात मी एचआर विभाग नव्याने उभा करतेय. आज पहिलीच तक्रार आली. पॅकिंगमधली सुनीता (नाव बदललंय) म्हणाली, "सुपरवायझर अंगाला हात लावतो."

दोन्ही बाजू ऐकायच्या म्हणून मी लगेच त्याला बोलावून, तिचं नाव सांगून त्याची बाजू विचारली.

तो हसला. "मॅडम, ती आमच्याच चाळीत भाड्यानं राहती. संध्याकाळी घरी बोलतो की तिच्याशी."

शिफ्ट सुटताच तिला गाडीत बसवून माझ्या घरी आणलं.

"ताई, सामान तितंच हाय. उद्या कुटं जाऊ?" ती विचारतेय.

ज्याच्या हाताखाली काम, त्याच्याच छपराखाली बिऱ्हाड, अशा बाईला तुम्ही "बिनधास्त बोल" कसं सांगता? मी आज सांगून बसलेय.