तपकिरीच्या डबीतला कापूस

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून हे संगीत जीव लावून ऐकणारे आम्ही दोघंच, आणि त्या दोघांत सात वर्षं बोलणं नव्हतं. तिसरा कुणी असेल तर त्यानं पुढं यावं. अजून तरी आलेला नाही.

बँडचं नाव मी सांगणार नाही. आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी 'काय म्हणालात?' असं विचारलं आणि मग विषय उसाच्या दराकडं नेला. एवढं सांगतो, की बँड इंग्लंडचा आहे, जुना आहे आणि त्या प्रकारच्या संगीताला शूगेझ म्हणतात. गिटार वाजवणाऱ्यांच्या पायाशी आवाज बदलायची बटणं असतात, म्हणून ही मंडळी स्टेजवर मान खाली घालून आपल्याच बुटांकडं बघत वाजवतात. लोकांकडं बघून हसत नाहीत, टाळ्या मागत नाहीत, हात वर करा म्हणत नाहीत. मला हे फार पटलं. रहिमतपुरात माझं औषधांचं दुकान आहे आणि मीही गिऱ्हाइकाकडं बघून उगाच हसत नाही.

या संगीतात गिटारी एकावर एक इतक्या चढवलेल्या असतात, की गाणारीचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो. शब्द कळत नाहीत. कळावेत अशी तिची इच्छाही नसते. हे मी बायकोला लग्न झाल्यापासून समजावतोय. ती म्हणते, "आवं, मिक्सर लावलाय का गाणी, तेवढं सांगा. मला चटणी वाटायची हाय." पण गल्लीत लग्नाची डॉल्बी लागून खिडक्यांच्या काचा थरथरतात, तेव्हा तिचं काही म्हणणं नसतं. डॉल्बीविरुद्ध मी तीनदा अर्ज केले. त्यामुळे गल्लीनं मला लग्नांना बोलावणं बंद केलं, हा त्यातला फायदा.

तर तो दुसरा माणूस. तो मिरजेत तानपुरे बनवतो. मी फार्मसीच्या डिप्लोमाला सांगलीला होतो आणि खोली मिरजेत होती. सायकलवरून जाताना एका दुकानात टांगलेले भोपळे रोज दिसायचे. एक दिवस तिथून गिटारींचा असा कल्लोळ कानावर आला, की मी सायकल रस्त्यातच आडवी टाकली. आत माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा एकजण मांडीवर तानपुरा घेऊन बसला होता. शेजारी पॉलिशनं माखलेला टेपरेकॉर्डर होता.

"हे काय लावलंय?" मी विचारलं.

"एक गोरा तानपुरा न्यायला आलता, त्यो इसरून गेला क्यासेट. का? तरास हुतोय?"

"न्हाई. परत लाव."

त्यानं परत लावली. ही कॅसेट परत लाव असं त्याला कुणी म्हणायची ती पहिलीच वेळ असावी, कारण त्यानं मला चहा सांगितला.

तानपुऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, ती घोडी तो कानशीनं केसभर घासायचा, तार छेडायचा, कान लावायचा, पुन्हा घासायचा. उतार नेमका साधला की तार नुसती टणकन वाजून गप्प होत नाही, गुंजत राहते आणि एका सुरातून आणखी सूर फुटतात. याला जवारी काढणं म्हणतात. "ह्या गोऱ्यांच्या गिटारीत जवारी हाय बघ," तो म्हणायचा. या संगीताबद्दल इतकं नेमकं नंतर कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. इंटरनेटवर पानंच्या पानं लिहिणारे आहेत, पण ते सगळे एकमेकांची अक्कल काढण्यात गुंतलेले.

आमचा एक खेळ होता. तो तार छेडायचा आणि सूर विरेपर्यंत दोघांनी ऐकत बसायचं. जो आधी 'गेला' म्हणेल तो हरला. तार अजून बोलत असायची, म्हणून तो तळवा ठेवून ती थांबवायचा आणि पुन्हा डाव मांडायचा. मी त्याला नेहमी हरवायचो. ज्याचा धंदाच कानाचा, त्याला मी कानानं हरवत होतो आणि याचा मला भयंकर माज होता. तो हसून म्हणायचा, "गड्या, औषधं कसली इकतोस, हितं बस की." मी बसलो नाही. पण महिन्यातून एकदा, दुकानाच्या मालाचं निमित्त करून, मिरजेला जात राहिलो. कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, सगळं फोनमध्ये आलं, तरी जात राहिलो.

मग सात वर्षांपूर्वी तो बँड पुण्यात आला. म्हातारे झाले होते, फुटून पुन्हा एकत्र आले होते, पण आले. आम्ही दोघं गेलो. पोरं अर्धा वेळ फोन वर धरून उभी होती, त्यांच्याशी मी दोनदा भांडलो. शेवटच्या गाण्यात हा बँड मधेच एका जागी थांबतो आणि पाव तास नुसता एकच गोंगाट करतो. छातीच्या फासळ्या हलतात. मी त्या पाव तासासाठी जन्मभर थांबलो होतो.

तो गोंगाट सुरू व्हायच्या आधी यानं खिशातून तपकिरीची डबी काढली. आत मेणात घोळवलेले कापसाचे बोळे होते. दोन स्वतःच्या कानात घातले आणि डबी माझ्यापुढं धरली.

मी त्याच्या हातावर फटका मारला. डबी खाली पडली.

"ढोंगी!" मी ओरडलो. "एवढी वर्षं जवारी जवारी करतोस आन् आता कानात बोळं?"

"कानावर प्वाट हाय माजं," तो म्हणाला. "तूबी घाल. ऐक माजं."

"मग घरी बसायचं. तुजं प्रेम न्हाईच, नुसता धंदा हाय."

तो स्टेजकडं वळला. डोळे मिटून शेवटपर्यंत उभा राहिला. मी कान उघडे ठेवून उभा राहिलो आणि मला वाटलं, मी जिंकलो. परतताना आम्ही एकाच गाडीत होतो, वेगवेगळ्या डब्यांत. लोणंदला तो चहाला उतरलेला दिसला. त्यानं माझ्या खिडकीकडं बघितलं तेव्हा मी शटर खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कानात शिट्टी वाजत होती. जाईल म्हटलं. गेली नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या दुकानात कापसाच्या गुंडाळ्यांची चळत कायम समोर असते. तिच्याकडं बघितलं की मला त्याचा राग यायचा. खरं तर माझा यायला हवा होता, पण ते मला जमत नाही.

पुढंपुढं लोक पुटपुटायला लागले. म्हणजे मला तसं वाटलं. "तोंड उघडून बोला की," असं मी गिऱ्हाइकांवर खेकसायचो. औंधची एक म्हातारी म्हणाली, "आवं, तीनदा सांगितलं की. आता काय नाचून दावू?" सगळं दुकान हसलं. मी तिला बिल न देताच औषध दिलं आणि वाटेला लावलं.

यंदा एक दिवस मी त्या बँडची पहिली रेकॉर्ड लावली आणि आवाज वाढवत गेलो. धडधड ऐकू येत होती. वरचं काहीच नव्हतं. गाणारी नव्हती, गिटारींतली ती गुंज नव्हती. माझ्या रेकॉर्डची डॉल्बी झाली होती. मी खुर्चीत बसून रडलो. बायको दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी ती मिक्सरबद्दल काही बोलली नाही.

मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवून हेडफोन दिला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ काहीच वाजलं नाही, म्हणून मी मशीन बिघडलंय असं सांगितलं. मशीन चालू होतं. दोन्ही कानांचे वरचे सूर गेले होते, डावा जास्त. परत येणार नाहीत, असं ते सरळ म्हणाले.

तिथून त्याचं दुकान चालत दहा मिनिटांवर. ती पहिली कॅसेट मागायची, एवढंच काम आहे, असं मी स्वतःला बजावत गेलो. तो तिथंच बसला होता. दाढी पांढरी झालेली, मांडीवर तानपुरा, हातात कानस.

"आलास व्हय," तो म्हणाला. मिरजेत बाहेरगावचं माणूस दवाखान्यालाच येतं, म्हणून त्यानं पुढं विचारलं, "कोण आजारी हाय?"

"कोण न्हाई. असंच आलतो."

त्यानं आपल्या उजव्या हाताशी चटई सरकवली. मी ती उचलून त्याच्या डाव्या बाजूला गेलो, म्हणजे माझा बरा कान त्याच्याकडं येईल. तो बघत होता. कॅसेट मागायचं माझ्या तोंडून निघेना. त्यानं घोडीवर दोनदा कानस फिरवली, फुंकर मारली आणि तार छेडली.

"सांग," तो म्हणाला.

मी डोळे मिटले. तार वाजली, बारीक होत गेली. मी तिच्या मागं मागं जात राहिलो, जमेल तितका, दात आवळून. मग काहीच उरलं नाही. उरली ती माझ्या कानातली शिट्टी. तरी आणखी थोडा थांबलो, तेवढीच लबाडी.

"गेला," मी म्हणालो.

मी डोळे उघडले तेव्हा तो तारेवर वाकलेला होता, मान तिरकी, कान लावून. त्यानं हळूच माझ्याकडं बघितलं.

"व्हय गड्या," तो म्हणाला. "गेला."

आणि सवयीनं तळवा ठेवून त्यानं तार थांबवली.