नऊचे सहा झाले तेव्हा

कडक प्लास्टिक फुटतं तेव्हा हाड मोडल्यासारखा आवाज होतो, हे मला शिरीषदादाकडे कळलं. हा माझा चुलतभाऊ जुनी कॉमिक्स जमवतो. त्यातलं सर्वांत लाडकं त्याने दर्जा ठरवणाऱ्या एका कंपनीकडून कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून घेतलं होतं. त्या कॉमिकला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. पुढे कंपनीने नियम कडक केले, फेरतपासणीत नऊचे सहा झाले आणि ते विकत घ्यायला तयार झालेलं गिऱ्हाईक मागे फिरलं.

त्या दुपारी दादाने माझ्यासमोर डबीवर हातोडी घातली. एक तुकडा तळहातात घुसला, मुखपृष्ठ फाटलं, त्यावर रक्त सांडलं, तरी तो घाव घालतच राहिला.

“अहो, हात बघा!” वहिनी ओरडल्या.

“अगं, यातलं एक पान बदललं नाही. मग सहा कसे?”

परक्याने लावलेला आकडा माणसाच्या किती आत शिरतो! तो उपटून काढायला हातोडीही पुरत नाही.

वहिनींनी हात बांधला. दादाने दुसऱ्या हाताने फाटकं मुखपृष्ठ उलटलं, वाचता वाचता तो खुदकन हसला.

“बारा वर्षांत हे उघडलंच नव्हतं रे,” तो मला म्हणाला, आणि हमसून रडू लागला.