कापसाचा भाव कुणी पाडला?

कापणीला आलेल्या भाताचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? ओल ओसरू लागलेली माती, उन्हात तापलेला पेंढा आणि खाडीवरून येणारा खारट वारा यांचा तो संमिश्र गंध असतो. १९३०च्या सुमाराच्या जागतिक मंदीच्या वर्षांत मी कोल्हापूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होतो. दिवाळीच्या सुट्टीत आंबा घाट उतरून रत्नागिरीत मोटारीतून पाय खाली टाकला, की तो गंध सामोरा येई आणि वसतिगृह, व्याख्याने, परीक्षा सारे क्षणात दूर जाई! पण एका दिवाळीला तो दारापर्यंतच माझ्यासोबत आला. आतले घर मुके झाले होते.

माझा थोरला भाऊ दादा मुंबईला कापसाच्या एका पेढीत कारकून होता. ती पेढी बसली आणि गणपतीनंतरच्या आगबोटीने तो घरी परतला. नोकऱ्या तेव्हा पुष्कळांच्या गेल्या होत्या. बंदरावर रोज कुणी ना कुणी वळकटी घेऊन उतरत होते. पण इतर माणसे चार दिवस हळहळून शेताकडे वळत, आणि दादा मात्र मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसे. ज्याच्या हसण्याने शेजारची गुरे बुजत, त्याने असे गप्प बसावे?

वहिनीने मला विहिरीपाशी गाठले. “भाऊजी, हे रात्रंदिवस एकच म्हणतात, पेढी माझ्यामुळे बुडाली. जेवत नाहीत. विठूच्या घरावरून जावं लागेल म्हणून रस्त्यावर पाऊल टाकत नाहीत. तुम्ही शिकता ना हे सगळं? सांगा ना काहीतरी!”

विठू आमच्याच गावचा. दादानेच त्याला मुंबईला नेऊन पेढीच्या गोदामात चिकटवले होते. पेढीबरोबर त्याचेही काम गेले होते.

मी शिकत होतो खरा! आमचे प्राध्यापक फळ्यावर मंदीची कारणे लिहीत: अमेरिकेतल्या सट्ट्याचा फुगा, सोन्याशी जखडलेली चलने, मागणीपेक्षा उदंड झालेले धान्य, देशोदेशींनी उभारलेल्या जकातीच्या भिंती. एक पंडित एक कारण थोर मानी, दुसरा त्याला हसे. ही विद्वानांची झुंज ऐकताना मला बुद्धिबळाचा डाव पाहिल्याचा आनंद होई. त्या डावातले एक प्यादे आमच्या पडवीत बसले असेल, हे मनात तरी कुठून येणार? आणि फळ्यावरच्या खडूने कुणाच्या काळजावरचा धोंडा हलतो का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाशेजारी जाऊन बसलो. तो आपणहूनच बोलू लागला.

“शेठनं मला विचारलं होतं रे. कापसाच्या गाठी विकू का ठेवू? मी म्हटलं, ठेवा, भाव चढेल. आणि भाव जो पडला तो पडलाच. एका शब्दानं पेढी घालवली मी. विठूची भाकरी घालवली.”

“दादा, तुझ्या शेठनं तुला एकट्यालाच विचारलं होतं?”

“नाही. दलालांना विचारलं, मुनीमजींना विचारलं. सगळे म्हणाले, ठेवा. पण मीही म्हणालोच ना!”

मग मी जे शिकलो होतो ते त्याला सांगू लागलो. वऱ्हाडात कापसाचा भाव पडला तसाच इजिप्तमध्ये पडला, अमेरिकेत पडला. बंगालचा ताग पडला, पंजाबचा गहू पडला. विकून मोकळे झालेले व्यापारीही पुढच्या खरेदीत बुडाले. तो ऐकत होता; मधूनच जुन्या कारकुनाच्या चिकित्सेने अडवत होता. “गहूसुद्धा? गव्हाचं काय कारण?” मी कारण सांगितले, आणि विद्वानांचे त्यावर एकमत नाही हेही सांगितले. खोटा दिलासा त्याला चालला नसता.

“ब्राझीलमध्ये तर कॉफीला गिऱ्हाईक नाही म्हणून पोतीच्या पोती जाळतात,” मी म्हणालो. “दादा, कॉफीच्या बाबतीत तू कुणाला काही सल्ला दिला होतास का?”

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग त्याच्या पोटातून काहीतरी हलत, गडगडत वर आले आणि तो हसला! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

“चल,” डोळे पुसत तो उठला. “विठूकडे जाऊन येऊ.”

कातळावरचे गवत पिवळे पडले होते. त्यातल्या पायवाटेने दादा पुढे आणि मी मागे असे आम्ही विठूच्या खळ्यावर पोहोचलो. विठू भात झोडत होता. आम्हांला पाहताच हातातली पेंढी टाकून तो उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

“दादानू, तुमी रागावलात ना माज्यावर?” तो म्हणाला. “गोदामात गाठी भिजल्या व्हत्या थोड्या. मला वाटला, त्यापायीच पेडी बसली. म्हनून तुमी येत न्हाय.”

दादाने काय करावे? त्याने विठूचे दोन्ही खांदे धरले. “अरे वेड्या!” तो म्हणाला. मग विठूची बायको गूळपाणी घेऊन आली तेव्हा तो खळ्याच्या कडेला बसून त्या दोघांना अमेरिका, सोने आणि जकात समजावू लागला. त्यातले निम्मे चुकीचे होते, पण ते दुरुस्त करावे असे मला वाटले नाही.

मंदीवर पुढे मी पुष्कळ वाचले. किती गिरण्या थंडावल्या, किती पेढ्या बुडाल्या, सारे त्यात होते. पण जगावर आलेल्या संकटाला आपणच कारण, असे मानून किती माणसे आपापल्या पडवीत तोंड फिरवून बसली असतील, ते कोण लिहिणार? कारणे कळून दादाची नोकरी परत आली नाही. पुढे बराच काळ घरात ओढगस्तच होती. तरीही ज्ञानाचे ऋण मला त्या दिवशी जितके जाणवले, तितके पदवी घेतानाही जाणवले नाही.

त्या दिवशी दादाने धोतर खोचले आणि तो विठूबरोबर भात झोडायला उभा राहिला. लेखणीची सवय असलेले ते हात! संध्याकाळी घरी आल्यावर तळव्यांना आलेले फोड तो वहिनीला मोठ्या कौतुकाने दाखवत होता, आणि वहिनी त्याला रागावत, त्याच्या पानात आणखी भात वाढत होती.