नाणेघाटाची हंडापट्टी

"जुन्या काळी नाणेघाटात जकात घेत. आता फुकट बघायला मिळतोय, तर जाऊन येऊ," यजमान म्हणाले. फुकट म्हटलं की आमचे हे हिमालयही चढतील. मे महिना होता, तरी पुण्याहून सकाळची एसटी धरली.

जुन्नरपर्यंत माणशी दोन-सव्वादोन रुपये. नारायणगावपर्यंत रस्ता बरा, पुढे हाडं खिळखिळी होतात. मुक्काम जुन्नरलाच करा. खाणावळीत आठ आण्यांत पोटभर पिठलं-भाकरी मिळते. दुसऱ्या दिवशी घाटघरपर्यंत बैलगाडी केली. चार रुपये, वैरण वेगळी. प्रत्येक चढाला गाडीवान आम्हालाच उतरवी, त्यामुळे निम्मी वाट पायीच झाली. रात्री गावात एका ओसरीवर पडलो.

सकाळी घाटावर गेलो, तर आमच्याआधी मुंबईच्या दोन टोळ्या येऊन गेलेल्या. लेण्याजवळच्या कोरीव टाक्यात लिंबाच्या साली तरंगत होत्या, काठावर साबणाचा फेस. यांनी धोतर सावरलं आणि मी नको म्हणायच्या आत दोन्ही पाय पाण्यात सोडले.

"भाईर काडा ते पाय!"

डोक्यावर भरला हंडा घेतलेली एक म्हातारी मागे उभी होती. नाव हिराबाई. "पेयाचं पानी हाय ते. पाऊस येईस्तवर सारं गाव त्याच्यावरच काढतंय."

सुट्टीतल्या पाहुण्यांना कंटाळून गावाने पट्टी बसवली होती. प्रत्येकाने खालच्या झऱ्यावरून एक हंडा पाणी आणून टाक्यात ओतायचं. पाय बुडवले तर तीन.

यांनी रुपया काढला. "आजी, हा घ्या आणि मिटवा."

"टाका की टाक्यात. बगू किती पानी चडतंय!"

"अहो, मी सरकारी नोकर आहे."

"मंग सरकारच्या नावाचा येक हंडा जास्त आना, पावणं."

घरी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मागणारे हे गृहस्थ टोपीची चुंबळ करून चढ चढू लागले. पहिला हंडा बराचसा कोटावर सांडला. हिराबाईने आत डोकावून पाहिलं. "ह्यो अर्दाच. परत जावा." मला हसू आवरेना, पण माझा हंडा उचलल्यावर तेही आवरलं.

दुपारी तिनेच भाकरी, ठेचा आणि तांब्याभर पाणी दिलं. मी टाक्यात पाहिलं. आम्ही दोघांनी मिळून पाच हंडे ओतले होते आणि पाणी बोटभरही वर आलं नव्हतं. मला फार लाज वाटली. यांनी तांब्यातला शेवटचा थेंबही पिऊन टाकला.

पुण्याला परतल्यावर शेजारचे तात्या चौकशीला आले. दर सुट्टीत ते दहा-बाराजणांचं लटांबर घेऊन कुठे ना कुठे जातात. "पुढच्या रविवारी आम्हीही निघतो म्हणतो. काय हो, तिथे अंघोळीची सोय आहे का?"

यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "छे! बघण्यासारखं काही नाही तिथे. नुसते दगड."

लग्नाला अकरा वर्षं झाली, यांच्या थापेला मी कधी दुजोरा दिला नव्हता.

"आणि विंचू," मी म्हणाले. "दगड उचलला की विंचू."